ध्वनिक्षेपक म्हणजे माईक की भोंगा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मंडळी, एका रकान्यावरून सुरू झालेली शंका आहे. यंदा सोसायटीच्या गणपतीसाठी पोलीस परवानगीचा अर्ज भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अर्जात एक रकाना होता, 'ध्वनिक्षेपकांची संख्या'. मी बिनधास्त '१' लिहिलं. आमच्याकडे माईक एकच आहे, आरतीनंतर तो हातोहात फिरतो. कारकुनानं आधी अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "एकच? मग मंडपात चार बॉक्स कसले लावलेत?"

म्हणजे त्याच्या लेखी ध्वनिक्षेपक म्हणजे स्पीकर आणि माझ्या लेखी माईक. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात आम्ही 'प्रमुख पाहुणे ध्वनिक्षेपकासमोर आले' असं लिहायचो. ते काही स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले नव्हते!

घरी येऊन जुनी वर्तमानपत्रं चाळली तर गोंधळ वाढलाच. सभागृहाच्या बातमीत 'सदस्याचा ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला', हा उघड माईक. त्याच पानावर खाली 'रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद', हा उघड स्पीकर. एकच शब्द, एकच पान, तारेची दोन टोकं. मूळ अर्थ कुठला आणि घसरला कोण? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

शशक

माईक म्हणजे माईक. हाकानाका (हाय काय नाय काय).

---

कोशकीटक

हाकानाका नाही हो, शब्द फोडून बघू. धातू 'क्षिप्', म्हणजे फेकणे. मराठीत त्याचं गोत मोठं आहे: क्षेपणास्त्र, प्रक्षेपण, हस्तक्षेप, आक्षेप, पटाक्षेप, झालंच तर कचऱ्याची क्षेपणभूमी. पोथीत मागाहून कुणी ओव्या घुसडल्या तर त्यांनाही 'क्षेपक' म्हणतात. तेव्हा ध्वनिक्षेपक म्हणजे ध्वनी फेकणारा. माईक काही फेकत नाही, तो झेलतो. व्युत्पत्तीच्या दरबारात निकाल कारकुनाच्या बाजूनं.

आणि कृपा करून 'ध्वनीक्षेपक' लिहू नका. सुटा शब्द 'ध्वनी', पण समासात पूर्वपद ऱ्हस्व: ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रण, ध्वनिप्रदूषण. शहरातल्या निम्म्या पाट्यांवर हे चुकलेलं असतं.

---

शशक

झेलतो म्हणजे मग माईकला ध्वनियष्टिरक्षक म्हणायला हवं :))

---

ओहम

गमतीत का होईना, शशक मुद्द्याजवळ आले. यंत्राकडून बघितलं तर साखळीत तीन कड्या असतात. पहिली हवेतली कंपनं पकडून त्यांची वीज करते. दुसरी ती क्षीण वीज मोठी करते. तिसरी मोठ्या विजेची पुन्हा कंपनं करून हवेत सोडते. संस्कृताळलेल्या मराठीत तिन्हींना चोख शब्द आहेत: ध्वनिग्राहक, ध्वनिवर्धक, ध्वनिक्षेपक. घेणारा, वाढवणारा, फेकणारा. इतकी नीट जुळणी असूनही आपण 'ध्वनिवर्धक' हा शब्द तिसऱ्या कडीला वापरतो, 'ध्वनिक्षेपक' पहिल्या आणि तिसऱ्या दोन्हींना वापरतो, आणि 'ध्वनिग्राहक' कपाटात ठेवून दिलाय.

तो कपाटात का राहिला याचा माझा अंदाज सांगतो. 'ग्राहक' म्हटलं की डोळ्यांपुढे गिऱ्हाईक येतं. 'व्यासपीठावर चार ध्वनिग्राहक आहेत' म्हटलं तर आवाज विकत घ्यायला चौघं आलेत असंच वाटेल.

---

आजीचीगोधडी

तुमच्या तीन कड्या पुस्तकात, ओहम. आमच्या लहानपणी या सगळ्या लटांबराला मिळून एकच शब्द होता: माईक. लग्नघरी 'माईक लागला का?' असं विचारायचे. माईक लागला म्हणजे लिंबाच्या झाडाला दोन कर्णे बांधले, ओट्यावर मशीन मांडलं, तबकड्यांची पेटी उघडली आणि गाणी सुरू झाली. त्यात खरा माईक, म्हणजे हातात धरायचा, बऱ्याचदा आणलेलाही नसायचा! 'रात्रभर देवळात माईक वाजत होता' हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. वाजणारा तो माईक, असा साधा हिशेब.

---

रीळवाला

आजी, अगदी बरोबर. आमचा हाच धंदा, वडिलांपासून. 'ध्वनिक्षेपक' आम्ही फक्त पोलिसांच्या कागदावर वाचतो. आमच्यात माईक, मशीन, कर्णा किंवा हॉर्न, युनिट, बॉक्स असंच बोलतात. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. युनिट म्हणजे कर्ण्याच्या बुडाशी असतो तो गोळा, आवाज खरा त्यात तयार होतो. कर्णा नुसता त्याला दिशा आणि दम देतो. गिऱ्हाईक येऊन 'कर्णा फाटला' म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा युनिट गेलेलं असतं.

ऑर्डर घेताना 'माईक लावायचाय' म्हटलं की आम्ही पूर्ण सेट समजतो. फक्त हातातला पाहिजे असेल तर लोक 'नुसता माईक' म्हणतात. हा 'नुसता' फार महत्त्वाचा. तो ऐकायचा राहिला की टेम्पो भरून सामान जातं आणि तिथं दारात भांडण.

---

वाटसरू

कुणी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश पाहिला का? तिथे जुना अर्थ सापडेल.

---

कोशकीटक

वाटसरू, मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. आज आपण ज्याला माईक म्हणतो ते यंत्र त्यानंतर वीस वर्षांनी आलं. त्या बिचाऱ्यानं कुठून द्यावा?

मात्र 'मायक्रोफोन' हा शब्द त्या यंत्राहून दोनशे वर्षांनी जुना आहे. नार्सिसस मार्श नावाचे आयर्लंडमधले एक धर्मगुरू होते. त्यांनी १६८३ मध्ये डब्लिनच्या विद्वत्सभेत ध्वनीवर एक निबंध वाचला. त्यांचा विचार असा: बारीक वस्तू मोठी दाखवणारं यंत्र सूक्ष्मदर्शक, मायक्रोस्कोप. मग बारीक आवाज मोठा ऐकवणाऱ्या यंत्राला मायक्रोफोन का म्हणू नये? ग्रीक 'मिक्रॉस' म्हणजे लहान, 'फोने' म्हणजे आवाज. लहान आहे तो आवाज, यंत्र नव्हे. यंत्र चिमुकलं म्हणून 'मायक्रो' असं समजणारे बरेच भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढे १८२७ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोननं हाच शब्द एका उपकरणाला दिला. कानाला लावायच्या धातूच्या कांड्या होत्या त्या, स्टेथोस्कोपच्या जातीच्या. विजेचा त्यात पत्ता नाही. म्हणजे मूळ मायक्रोफोन ऐकणाऱ्याच्या हातात होता, बोलणाऱ्याच्या नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

---

पाटीपेन्सिल

लागेल म्हणजे? अर्धवट सोडू नका, आम्ही सरसावून बसलोय.

---

काडेपेटी

एवढा खल कशाला? ध्वनिक्षेपक हा सावरकरांचा शब्द. त्यांनी जो अर्थ दिला तो अंतिम. विषय संपला.

---

कोशकीटक

काडेपेटी, दिग्दर्शक आणि महापौर त्यांच्या नावावर आहेत, त्याबद्दल आदरच आहे. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत मराठीतला प्रत्येक संस्कृत शब्द त्यांच्या खात्यावर जमा असतो. या शब्दासाठी मूळ लेखाचं पान टाका, मी पहिला मान्य करीन. आणि समजा शब्द कुणी एकानं घडवला असला, तरी त्याचा अर्थ चार चौघांच्या तोंडात ठरतो. आजींचा 'माईक वाजत होता' बघा. तिथे तर कुणीच काही घडवलेलं नाही, तरी अर्थ सरकलाच.

---

संपादक

भाषाशुद्धीवर वेगळा धागा आहे, तिकडे जावे. तसेच 'भोंगा' या शब्दावरून २०२२ मध्ये जे राजकारण झाले ते इथे नको. शब्दाबद्दल बोला.

---

आजीचीगोधडी

शब्दाबद्दलच बोलते. भोंगा आमच्या घरात गिरणीचा. सासरे गिरणीत होते. भोंगा झाला की पाळी बदलायची आणि चाळीतली घड्याळं त्यावर लावायची. त्या भोंग्याला बोलता येत नव्हतं, नुसती हाक मारता येत होती. १९८२ चा संप झाला आणि आमच्याकडचा भोंगा कायमचा थांबला. नंतर कधीतरी भोंगा म्हणजे लाऊडस्पीकर असं मुलं बोलायला लागली, तेव्हा मला ते विचित्र वाटायचं.

आणि कर्णा हा कर्णापासून आला का? म्हणजे कानापासून? की महाभारतातल्यापासून :)

---

कोशकीटक

दोन्ही नाही, आजी. कर्णा हे आधी फुंकायचं वाद्य, तुतारीच्या नात्यातलं, लांबलचक, पितळी. शब्द फारसीतून आला, तिकडे 'करनाय'. संस्कृत 'कर्ण' शी त्याचं दिसणं जुळतं एवढंच, रक्ताचं नातं नाही. वाद्याचा आकार बघून ग्रामोफोनच्या फुलासारख्या नळकांड्याला कर्णा म्हणू लागले आणि तिथून तो लिंबाच्या झाडावर गेला. भोंगा मात्र 'भों' या आवाजावरूनच पडलेलं नाव वाटतं.

---

ओहम

ग्रामोफोनचा कर्णा आलाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं फ्रेड गैसबर्गनं. तेव्हा विजेवर चालणारा माईक मुद्रणात नव्हताच. ती एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडात गायली. त्या कर्ण्यानं आवाज गोळा केला, टोकाच्या पडद्याला कंप दिला, सुईनं मेणावर रेघ काढली. शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असं ती ओरडून सांगते. पुढे ती तबकडी घरोघर वाजली ती पुन्हा कर्ण्यातूनच. म्हणजे जो कर्णा घेतो तोच देतो. ग्राहकही तोच, क्षेपकही तोच. १९२५ मध्ये विजेचं मुद्रण आलं आणि गाणाऱ्याच्या पुढचा कर्णा गेला, ऐकणाऱ्याच्या पुढचा मात्र राहिला.

यंत्रशास्त्रातही ही दुतोंडी गंमत खरी आहे. सभेत हातात धरतात तो साधा डायनॅमिक माईक आणि स्पीकर यांत मूळ सामान एकच असतं: पडदा, तारेचं वेटोळं, चुंबक. पडदा हलवला तर वीज येते, वीज दिली तर पडदा हलतो. जुन्या इंटरकॉममध्ये एकच स्पीकर आळीपाळीनं माईकचं काम करायचा. घरी करून बघायचं असेल तर संगणकाच्या माईकच्या भोकात वेगळ्या पिनेचा साधा हेडफोन लावा आणि त्यात बोला. बारीक का होईना, आवाज उमटेल.

सगळ्या माईकना हे लागू नाही. तुमच्या मोबाईलमध्ये असतो तो कपॅसिटरच्या तत्त्वावरचा. त्या घराण्यातला इलेक्ट्रेट माईक १९६२ मध्ये बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी काढला. त्यामुळेच माईक इतके स्वस्त आणि चिमुकले झाले.

---

काडेपेटी

म्हणजे निसर्गालाच माईक आणि स्पीकर यांतला फरक मंजूर नाही. मराठी माणसाला उगाच दोष.

---

रीळवाला

फरक असतो हो. माईक घेऊन कर्ण्यासमोर उभे राहा, लगेच कळेल. कर्ण्यातून निघालेला आवाज माईक पुन्हा पकडतो, मशीन तो पुन्हा वाढवतं, कर्णा पुन्हा फेकतो, आणि कुंईंईं. वडील म्हणायचे, दोघं एकमेकांचंच ऐकायला लागले की असं होतं. तरी लोक माईकवाल्याला शिव्या देतात आणि वक्ता कर्ण्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिलाय हे कुणी बघत नाही.

अवांतर: माईकवर टिचक्या मारू नका, फुंकर तर अजिबात नको. 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हणा, तेवढ्यानं भागतं.

---

वाटसरू

एक जुना विचार मनात येतो. लोकमान्य १९२० मध्ये गेले. त्यांच्या सभांना माईक नव्हता, नुसता गळा. केशवराव भोसले, बालगंधर्व यांची पिढी नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यावर पोचायची. कीर्तनकारांचं तर विचारूच नका. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हजारो माणसांना लाऊडस्पीकर ऐकवला तो १९१५ चा नाताळ. आपल्याकडे मोठ्या सभांत तो दिसू लागला तो त्यानंतरचा. गांधी-नेहरूंची जुनी छायाचित्रं बघा, पुढ्यातल्या माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी असते. नाव शिकागोचं, पण कंपनी मोटवाने कुटुंबाची, इथलीच.

मला वाटतं घोळाचं मूळ त्या छायाचित्रांतच आहे. फोटोत फक्त माईक दिसतो, कर्णे चौकटीबाहेर. मैदानात बसलेल्याला उलट: कर्णा डोक्यावर, माईक मुंगीएवढा. एकच वस्तू दोघांनी दोन बाजूंनी पाहिली.

---

चेन्नईकर

इथे राहून तमिळ कामचलाऊ शिकलोय. तमिळनं हा प्रश्न मुळातच निकालात काढलाय. माईक म्हणजे 'ओलिवांगी', ध्वनी घेणारा. स्पीकर म्हणजे 'ओलिपेरुक्की', ध्वनी वाढवणारा. दोन्ही शब्द छापील आणि सरकारी तमिळमध्ये सर्रास. बोलताना अर्थात सगळे 'मैक' म्हणतात.

आधी कोलकात्यात होतो, तिथे मात्र आजींसारखंच. बंगालीत 'माईक' म्हणजे चौकातला कर्णा. 'माईक बाजछे' म्हणजे कर्णा वाजतोय. बांगलादेशात तर रिक्षावर कर्णा बांधून दवंडी पिटण्याला 'माइकिंग' म्हणतात, पक्कं क्रियापद करून टाकलंय.

---

सुगरणपक्षी

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेच. चिनी शिकले आहे थोडं. माईकसाठी त्यांचा तांत्रिक शब्द फोडला तर अर्थ निघतो 'ध्वनी पुढे पोचवणारं यंत्र'. बोलीतला शब्द फोडला तर 'बोलण्याची नळी', आणि तोच शब्द मेगाफोनलाही चालतो, फोनच्या बोलायच्या टोकालाही. म्हणजे ध्वनिक्षेपक = माईक असं म्हणणारे आपण एकटे नाही, सोबतीला बरीच मोठी लोकसंख्या आहे.

---

कोशकीटक

सुगरणपक्षी, येत जा. तुम्ही माझ्याच तोंडचा घास घेतलात, आणि मला माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घ्यायला लावलात.

मघाशी मायक्रोफोनची गोष्ट व्हीटस्टोनपाशी सोडली होती. पुढे १० मार्च १८७६ ला बेलच्या टेलिफोनवर पहिलं समजण्याजोगं वाक्य गेलं. पण बोलायचं टोक कमजोर होतं. ते सुधारायची शर्यत लागली. बर्लिनरनं १८७७ मध्ये एक रचना नोंदवली (हाच पुढे ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर, म्हणजे साखळीच्या दोन्ही टोकांना एकच माणूस). एडिसननं कोळशाची वडी वापरून आपली रचना केली. आणि १८७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड ह्यूजनं कार्बनचा सैल सांधा वापरून तसलंच उपकरण दाखवलं. त्यातून माशीच्या चालण्याचा आवाज ऐकू येतो म्हणून त्याचा बोलबाला झाला. एडिसननं कल्पना चोरल्याचा आरोप केला, वर्तमानपत्रांत जुंपली. ह्यूजनं मात्र पेटंट घेतलंच नाही.

आता नावं बघा. ह्यूजनं आपल्या उपकरणाला जुना शब्द लावला: मायक्रोफोन. त्याच्या डोळ्यांपुढे माशी होती, म्हणजे बारीक आवाज मोठा करून ऐकणं. एडिसन टेलिफोनचा माणूस. त्याच्या लेखी हे बोलणं पलीकडे पाठवायचं यंत्र, म्हणून तो म्हणे 'ट्रान्समीटर'. टेलिफोनच्या धंद्यात बोलायच्या टोकाला पुढेही ट्रान्समीटरच म्हणत राहिले आणि कानाच्या टोकाला रिसीव्हर. आपण 'रिसीव्हर उचलला' म्हणतो तो तोच.

ट्रान्समीटरचं मराठी काय? क्षेपक, प्रक्षेपक! मग माईकला ध्वनिक्षेपक म्हणणारा चुकला कुठे? तो एडिसनच्या बाजूला उभा आहे, एवढंच.

---

पाटीपेन्सिल

थांबा थांबा. म्हणजे वस्तू एकच आणि जन्मल्या वर्षापासून तिला दोन नावं. एक घेण्यावरून, एक पाठवण्यावरून?

---

कोशकीटक

तेच. आणि मेगाफोनची गोष्ट ऐकलीत तर आणखी हसाल. आज मेगाफोन म्हणजे मोर्चात तोंडाला लावायचा. १८७८ मध्ये एडिसननं ज्याला मेगाफोन म्हटलं त्यात माणसाहून मोठे दोन कर्णे *कानाला* लावायचे होते, दूरचं बोलणं ऐकायला. मायक्रोफोन कानाकडून तोंडाकडे गेला, मेगाफोनही कानाकडून तोंडाकडे गेला. आपल्या ध्वनिक्षेपकानं फक्त तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उडी मारली, त्याचं काय एवढं!

---

आजीचीगोधडी

रेडिओमुळेही झालं असेल का हे? मुंबई केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झालं, 'नभोवाणी' म्हणायचे. रेडिओवाल्यांची सगळी भाषाच क्षेपणाची. अजूनही 'दिल्ली केंद्रावरून सहक्षेपित' असं कानावर येतं. निवेदक खोलीत एकटा बसतो, त्याच्या पुढ्यात तर कर्णा नसतोच. त्याला ध्वनी फेकणारं म्हणून काही दिसत असेल तर ते समोरचं माईकचं बोंडूक.

---

कोशकीटक

आजी, लाखाची बात. वाटसरूंच्या छायाचित्राला ही जोड उत्तम आहे. बोलणाऱ्याला माईक फेकतो असं वाटतं, ऐकणाऱ्याला कर्णा फेकतो असं वाटतं. शब्द दोघांचाही खरा.

---

शशक

आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशच्या विधानसभेत आमदारांनी माईक उपटून एकमेकांना फेकून मारले. तिथे माईक ना ग्राहक ना क्षेपक, थेट क्षेपणास्त्र.

---

तारीखपेतारीख

सगळं छान. पण धागाकर्त्याचा अर्ज राहिलाच. वकिलीच्या चष्म्यातून सांगतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधला नियम ५ रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घालतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, गणपतीत आपण त्याच्याच जिवावर असतो. मूळ नियमात बंदी आहे ती लाऊडस्पीकर आणि सार्वजनिक उद्घोषणा यंत्रणेवर. २०१० च्या दुरुस्तीनं आवाज करणारी उपकरणं, वाद्यं आणि ॲम्प्लिफायरही त्यात आले. म्हणून मराठी आदेशांत 'ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धक' असे दोन शब्द जोडीनं येतात. लोक ती शोभेची जोडी समजतात, पण ओहम यांची तिसरी आणि दुसरी कडी त्यात बरोबर बसते.

पहिल्या कडीवर, म्हणजे नुसत्या माईकवर, कायद्याचा काडीचा आक्षेप नाही. तार कुठेही न जोडता माईक हातात धरून पहाटेपर्यंत भाषण करा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेवढी सांभाळा. तेव्हा तुमच्या रकान्यात ध्वनिक्षेपक म्हणजे स्पीकरच. उत्तर चार.

---

ओहम

'नुसता माईक'! रीळवाल्यांचा 'नुसता' कायद्यातही लागतो तर.

---

काडेपेटी

पण मग सभागृहाच्या बातमीत काय लिहायचं? 'सदस्याचा ध्वनिग्राहक बंद करण्यात आला'? वाचणाऱ्याला वाटेल ग्राहक पंचायतीत तक्रार करावी लागणार.

---

कोशकीटक

तिथे 'माईक' लिहा. मराठीत तो कधीच रुळलाय. आणि 'ध्वनिक्षेपक' स्पीकरला ठेवा, बातमीपुरता तरी. माझं मत इतकंच, की एका पानावर दोन अर्थ नकोत. कुणाला 'ध्वनिग्राहक' आवडत असेल तर जरूर वापरा, पण चार वाक्यांच्या आत गिऱ्हाईक आठवणार नाही याची काळजी घ्या.

---

सुगरणपक्षी

असहमत. माईकलाच ध्वनिक्षेपक म्हणू द्या की. शाळेच्या अहवालात 'पाहुणे माईकसमोर आले' वाचताना पाहुण्यांचा रुबाब निम्मा होतो.

---

रीळवाला

पाहुणे माईकसमोर आले तरी पुरे. आमचे पाहुणे माईक हातात घेऊन कर्ण्यासमोर येतात.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आज अर्ज बदलून दिला. इतकं वाचल्यावर धोका पत्करायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून रकान्यातला '१' खोडून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बॉक्स ४, मशीन १, नुसता माईक १'.

कारकुनानं ते दोनदा वाचलं. म्हणाला, "एवढं कशाला लिहीत बसलात? माईक सहा लिहायचं ना सरळ."